स्टेशन कागानला, गाव बुखाऱ्याला

उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याचं तिकीट काढलं की उतरायला मिळतं कागानला. १८८८ साली रशियाची रेल्वे इकडे आली, तेव्हा बुखाऱ्याच्या अमिराला ती भिंतींजवळ नको होती. म्हणून स्टेशन बारा-पंधरा किलोमीटर लांब बांधलं, ते आजही तिथंच आहे. जुन्या गावातलं हॉटेल 'स्टेशनपासून चालत जाऊ' म्हणून धरलं असेल, तर रात्री दहा वाजता टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात उभं राहायची वेळ येते.

आपल्याकडची माणसं लांबच्या देशात स्वतःहून जायला घाबरतात ती भाषेला. खरं तर भाषेमुळे फार अडत नाही. अडतं ते अशा बारीक गोष्टींनी: स्टेशन कोणतं, बर्थ कोणता, पासपोर्टवरचं नाव तिकिटावर कसं लिहिलं. नांदेड-परभणी-जालन्याकडच्या माणसाला रेल्वेची सवय जन्मापासून असते. साइड लोअर म्हणजे काय, गाडी लेट झाली की काय करायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. ती सवय कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात जशीच्या तशी उपयोगी पडते. म्हणून दोघांना पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर जायचं असेल तर युरोपापेक्षा आम्ही हाच मार्ग सुचवतो: अल्माटी, तुर्किस्तान, ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा. सोळा ते अठरा दिवस हवेत. बारा दिवसांत बसवायचा हट्ट धरला तर निम्मा वेळ सामान उचलण्यात जातो.

आधी कागदपत्रं. कझाकस्तानात भारतीय पासपोर्टवर एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, आणि १८० दिवसांत मिळून ४२. उतरल्याचा दिवस धरूनच मोजा. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर मिळतो. एकदा प्रवेशाचे २० डॉलर, मुक्काम ३० दिवसांपर्यंत. तीन कामाचे दिवस लागतात असं सांगतात, पण फोटो किंवा पासपोर्टचं पान धूसर असेल तर अर्ज परत येतो, म्हणून तीन आठवडे आधी भरा. अर्ज दोघांचे वेगवेगळे असतात आणि एकाचा आधी मंजूर होऊन दुसऱ्याचा अडकू शकतो. दोन्ही व्हिसे हातात येईपर्यंत परत न मिळणारं कुठलंही तिकीट काढू नका. मंजुरीची छापील प्रत प्रत्येकाकडे दोन असावी. सीमेवर मोबाइलच्या पडद्यावर काम भागेलच असं नाही.

नावाचा घोळ मात्र खास आपला आहे. मराठी पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं जोडून असतं आणि आडनाव वेगळं. रशियन वळणाच्या तिकिटाच्या अर्जात तीन रकाने येतात: आडनाव, नाव, आणि 'ओत्चेस्त्वो' म्हणजे वडिलांचं नाव. तो तिसरा रकाना बघून आपल्याला वाटतं, हा तर आपल्यासाठीच केलाय. तो मोकळा सोडा. पासपोर्टच्या 'दिलेलं नाव' रकान्यात जे दोन शब्द आहेत ते दोन्ही 'नाव' या रकान्यात, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं भरा. गाडीच्या दारात डब्याची बाई पासपोर्ट आणि यादी शेजारी धरून अक्षर अन् अक्षर जुळवते. पासपोर्ट नंबरात शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल झाली तरी वाद होतो. व्हिसा मिळाल्यावर पासपोर्ट नवा केला तर जुन्या नंबरावरचा तो व्हिसा चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

घरून निघायचं तर नांदेडहून सचखंड थेट दिल्लीला जाते, वाटेत परभणी, जालना, संभाजीनगरवाल्यांना घेत. दिल्लीहून अल्माटीचं विमान चारेक तासांचं. गाडी आणि विमान यांच्यात एक पूर्ण रात्र ठेवा. थंडीत उत्तरेत धुकं पडलं की गाडी सहा-आठ तास सहज लांबते. परतीचं विमान ताश्कंदहून धरायचं, म्हणजे त्याच रस्त्यानं मागं यावं लागत नाही.

कधी जायचं? एप्रिल ते मेचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. तिकडे २५ जूनपासून चाळीस दिवसांच्या कडक उन्हाळ्याला 'चिल्ला' म्हणतात, पारा चाळिशीच्या वर. मराठवाड्यातल्या माणसाला मेचं ऊन नवं नाही, पण तिथं सावलीविना विटांच्या अंगणांत तासन् तास फिरायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर दिवस सुखाचे जातात. रात्री मात्र अल्माटीत पारा पाच अंशांच्या खाली येतो, तिथं आपला शाल-स्वेटर पुरत नाही. २१ ते २३ मार्चच्या नवरोजच्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात, ते दिवस टाळा.

आता डबे. सोव्हिएत काळापासूनची तीन नावं अजून चालतात. 'प्लात्सकार्त' म्हणजे उघडा डबा, ५४ बर्थ, आपल्या स्लीपरसारखा. 'कूपे' म्हणजे दार लागणारी खोली, चार बर्थची, डब्यात अशा नऊ. 'एसव्ही' किंवा 'ल्यूक्स' म्हणजे दोघांची खोली. पैसे परवडले तर दोघांनी ल्यूक्स घ्यावी असं वाटेल. आमचं मत कूपेच्या बाजूनं आहे. समोरच्या दोन बर्थवर जे कुटुंब येतं ते चहा, पाव, सुकामेवा पुढं करतं, आणि त्या खोलीत देश जेवढा कळतो तेवढा संग्रहालयात कळत नाही.

बर्थचा आकडा विषम असेल तर खालचा, सम असेल तर वरचा. दोघांनी एकाच खोलीत समोरासमोरचे खालचे दोन घेण्यापेक्षा एक खालचा आणि त्याच्याच वरचा घ्यावा. खालच्या बर्थची फळी उचलली की आत पेटी असते. सामान त्यात ठेवून वर माणूस झोपला की त्याला उठवल्याशिवाय कोणी बॅग काढू शकत नाही. शिवाय वरच्या बर्थवाल्याला दिवसा बसायला हक्काची खालची जागा मिळते, अनोळखी माणसाला सरकायला सांगावं लागत नाही. प्लात्सकार्तमध्ये ३७ ते ५४ हे साइडचे. आपल्याकडे ७ आणि ८ असतात तसेच, पण लांबीला तोकडे. पाच फूट आठ इंचांच्या वरच्या माणसाचे पाय रस्त्यात येतात आणि रात्रभर येणारा-जाणारा त्यांना धडकतो. ३३ ते ३८ संडासाशेजारी. रात्रभर दार आपटतं, उन्हाळ्यात वासही येतो. तिकीट काढताना नकाशावर आधी हे आकडे वगळा.

प्रत्येक डब्याला एक राखणदार असतो, बाई असेल तर 'प्रोवोद्नीत्सा'. चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल तीच देते आणि उतरायच्या आधी उठवायलाही तीच येते. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचं मोठं भांडं असतं, त्याला 'तितान' म्हणतात. ते चोवीस तास उकळतं, आणि शाकाहारी माणसाचा अर्धा प्रवास त्याच्यावर चालतो. मोठ्या स्टेशनाच्या आधी आणि नंतर जुन्या डब्यांतले संडास कुलूपबंद होतात, कारण मैला थेट रुळावर पडतो. वेळापत्रकात अर्ध्या तासाचा थांबा दिसला तर त्याच्या वीस मिनिटं आधी जाऊन या.

अल्माटीतही दोन स्टेशनं आहेत. अल्माटी-२ शहरात, अल्माटी-१ सातआठ किलोमीटर उत्तरेला. बऱ्याच लांबच्या गाड्या फक्त अल्माटी-१ ला थांबतात. तिकिटावरचा आकडा बघितल्याशिवाय टॅक्सीत बसू नका. इथून रात्रीची गाडी धरली की तुर्कसिब मार्गानं, म्हणजे १९३० मध्ये पुरा झालेल्या रुळावरून, शू आणि तराझ करत सकाळी शिमकेंटच्या बाजूला पोचता. तुर्किस्तान त्याच्याही पुढं, आरिस जंक्शन ओलांडून. तिथं तैमूरनं बांधायला घेतलेला सूफी संत खोजा अहमद यासावीचा मकबरा आहे. समोरचा भाग अर्धवट राहिला, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या परांचीची लाकडं अजून भिंतीतून बाहेर आलेली दिसतात. इमारत कशी उभी राहिली हे त्या लाकडांवरून कळतं. समरकंदच्या झळाळत्या निळ्या घुमटांवरून ते कळत नाही, म्हणून हे ठिकाण वगळू नका.

घड्याळाची एक गोष्ट. १ मार्च २०२४ पासून सगळ्या कझाकस्तानची वेळ एकच झाली, आणि ती उझबेकिस्तानएवढीच आहे, आपल्या अर्धा तास मागं. जुन्या माहितीत अल्माटी आणि ताश्कंदमध्ये तासाचा फरक दिलेला सापडतो. तो आता नाही.

रूळ इथं १५२० मिलिमीटर रुंदीचे आहेत, आपले १६७६. चीनच्या सीमेवर १४३५ चे सुरू होतात, तिथं डबे उचलून खालचे चाकांचे सांगाडे बदलतात. मनमाडला ब्रॉडगेजमधून उतरून मीटरगेजच्या गाडीत बोचकी चढवलेली पिढी मराठवाड्यात अजून आहे. तिला हे एका वाक्यात समजतं.

तुर्किस्तानहून शिमकेंट रस्त्यानं दोन-अडीच तास, आणि शिमकेंटहून सीमा आणखी दीड-दोन. ताश्कंदपर्यंत थेट रेल्वे आहे, पण ती रोज नाही आणि सीमेवर तासन् तास उभी राहते. आम्ही पायी सीमा ओलांडायला सांगतो. शेअर टॅक्सी नाक्यापर्यंतच जाते. तिथून कझाक बाजूचा शिक्का, मग जाळीतला लांब बोळ, मग उझबेक बाजूचा शिक्का आणि सामानाचं स्कॅनिंग. सकाळी लवकर गेलात तर तासाभरात होतं, शनिवार-रविवार दुपारी तीन तास लागतात. रांगेत दोघं हमखास वेगळे होतात. कस्टमच्या बाहेरच्या दाराशी भेटायचं, असं आधीच ठरवा, कारण कझाक सिम पलीकडे बंद पडतं आणि उझबेक सिम अजून घेतलेलं नसतं. प्रत्येकाचा पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत त्याच्या स्वतःच्या खिशात असली पाहिजे. नवऱ्याकडे दोन्ही पासपोर्ट आणि बायको दुसऱ्या रांगेत, ही इथली सगळ्यात जास्त घडणारी चूक. रांगेत कोणी 'एवढी पिशवी पलीकडे न्या' म्हणाला, म्हातारी बाई असली तरी, नाही म्हणा.

औषधांचं नीट ऐका. उझबेकिस्तानात झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांवर कडक नियम आहेत. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि लागतील तेवढीच न्या. डब्यात सुट्या करून भरलेल्या गोळ्या नकोत. ड्रोन तर नेऊच नका.

नाक्याबाहेर टॅक्सीवाले गराडा घालतात. दोन-तीनशे मीटर चालत पुढं जा, मग भाव करा. ताश्कंद इथून वीसेक किलोमीटर आहे.

पैसे. उझबेक चलन सोम, त्याची शून्यं बघून गडबडू नका. शेवटची तीन शून्यं काढा आणि सातनं गुणा, साधारण रुपये येतात. पन्नास हजार सोम म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. कझाक तेंगेला सहानं भागा. दर हलतो, पण बाजारात उभ्या-उभ्या भाव करायला एवढं पुरतं. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाईचा ठिपका नसलेल्या हव्यात. कोपरा फाटलेली नोट बँकही परत करते. कार्ड 'व्हिसा' कंपनीचं घ्या, ते सर्वांत जास्त यंत्रांत चालतं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर सुरू केल्याशिवाय ते तिथं मेलेलंच असतं. दोघांकडे दोन वेगळ्या बँकांची कार्डं असावीत आणि रोकड निम्मी-निम्मी.

ताश्कंदचं उत्तरेचं स्टेशन 'शिमोलिय', दक्षिणेचं 'जनुबिय'. 'अफ्रोसियोब' ही वेगवान गाडी शिमोलियहून सुटते, काही संथ गाड्या जनुबियहून. चुकीच्या स्टेशनावर गेलात तर गाडी गेलीच समजा. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट, तिकीट आणि बॅगांची तपासणी होते, म्हणून चाळीस मिनिटं आधी पोचा. सोडायला आलेला माणूस आत येत नाही.

या सगळ्या प्रवासात आधीपासून बांधून घ्यायची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे अफ्रोसियोबची तिकिटं. गाडी स्पॅनिश बनावटीची, वेग ताशी २५० किलोमीटरपर्यंत, ताश्कंद ते समरकंद ३४४ किलोमीटर दोन तास दहा मिनिटांत. विक्री साधारण दीड महिना आधी उघडते आणि एप्रिल-ऑक्टोबरमध्ये पर्यटक कंपन्या गठ्ठ्यानं उचलतात. रेल्वेच्या अधिकृत ॲपवर रोज सकाळी बघत राहा. परदेशी कार्डानं पैसे पहिल्या खेपेला गेले नाहीत तर लगेच पाच वेळा दाबू नका, बँक कार्ड अडवते. दुसऱ्या कार्डानं प्रयत्न करा. तिकीट नाहीच मिळालं तर 'शर्क' नावाची साधी गाडी घ्या. समरकंदला तासभर जास्त लागतो, पण खिडकीतून दिसतं जास्त. आदल्या संध्याकाळी रद्द झालेली तिकिटं सुटतात, तेव्हा पुन्हा बघायला विसरू नका.

समरकंदचं स्टेशन 'रेगिस्तान' या मुख्य चौकापासून सहाएक किलोमीटरवर आहे. समोरूनच ट्राम निघते, ती सियोब बाजारापर्यंत जाते. त्या बाजारात समरकंदी नान घ्या, जाड, वर शिक्का मारलेला. तो कडक होतो पण खराब होत नाही, आपल्या कडक भाकरीसारखा. पुढच्या गाडीसाठी दोन घेऊन ठेवा.

खाण्याचं स्पष्ट सांगायला हवं. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण जेवणाचं ताट मिळेल ही आशा सोडावी. 'गोश्तसिझ' म्हणजे मांसाशिवाय, रशियनमध्ये 'बेझ म्यासा'. एवढं म्हटल्यावर तुकडे काढून तोच रस्सा वाढतात, म्हणून सूपच्या नादी लागू नका. तळण बऱ्याचदा मेंढीच्या शेपटीच्या चरबीत असतं. नान, टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, कातिक म्हणजे दही, सुझमा म्हणजे चक्का, उकडलेली अंडी खात असाल तर अंडी, आणि खरबूज-द्राक्षं. भोपळ्याचा सोमसा मिळतो, पण त्यातही चरबीचा तुकडा आहे का ते विचारा. घरून पहिल्या दोन दिवसांचे धपाटे, त्यानंतरसाठी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजके पोहे आणि झटपट उपम्याची पाकिटं. तितानचं पाणी ओतलं की पाच मिनिटांत उपमा होतो. ताजी फळं, पनीर, लोणी सीमेपलीकडे नेऊ नका.

समरकंद ते बुखारा रुळाच्या दोन्ही बाजूंना कापूस आणि कालवे. ऑक्टोबरात वेचणी चालू असते. शेताची ढब वेगळी: सरळ लांब सऱ्या, आणि पाणी सगळं नदीचं, पावसाचं जवळजवळ नाहीच. याच कापसासाठी साठच्या दशकापासून अमूदर्या आणि सिरदर्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला. एके काळी तो जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय, त्यांनी खिवाच्या पुढं नुकूसला आणि तिथून दोनेकशे किलोमीटर मोयनाकला जावं. वाळूत रुतलेल्या मासेमारी बोटी तिथं उभ्या आहेत. त्यासाठी तीन दिवस जास्तीचे धरा.

बुखाऱ्याच्या अलीकडे चाळीस-पन्नास किलोमीटरवर गिज्दुवान लागतं. संभाजीनगरच्या पाणचक्कीत ज्यांची समाधी आहे ते बाबा शाह मुसाफिर याच गावचे. नक्शबंदी या सूफी परंपरेचे गुरू अब्दुलखालिक गिज्दुवानी यांचा दर्गा आणि उलुगबेगचा मदरसा तिथं एकाच आवारात आहेत. अफ्रोसियोब इथं थांबत नाही. बुखाऱ्याहून शेअर टॅक्सीनं अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. पर्यटकांच्या यादीत हे गाव सहसा नसतं, पण आपल्याकडच्या माणसानं तरी ते चुकवू नये.

शेअर टॅक्सीत चार जागा, भाव जागेचा. दोघांनी मागच्या तिन्ही जागा घेतल्या तर चौथ्यासाठी थांबण्यात कमी वेळ जातो. तिथल्या बहुतेक गाड्या मिथेनवर चालतात आणि टाकी डिकीत असते, त्यामुळे दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत. भाव ठरवण्याआधी डिकी उघडायला लावा. गॅस भरताना सगळ्या प्रवाशांना पंपाच्या फाटकाबाहेर उतरवतात. पासपोर्टची पिशवी अशा वेळी गाडीत सोडायची नाही.

बुखारा ते खिवा रस्त्यानं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, किझिलकुम वाळवंटातून, सहा ते आठ तास. रेल्वेनंही जवळपास तेवढेच लागतात, आणि ती रोज सोयीच्या वेळी असेलच असं नाही. गाडी मिळत असेल तर रेल्वेच घ्या, वाळवंटात संडासाची सोय फार विरळ आहे. खिवाचं स्टेशन नवं, २०१८ चं, आणि इथं मात्र बुखाऱ्याच्या उलट आहे: 'इचन कला' या जुन्या गावाच्या तटबंदीपासून किलोमीटरभर, चालत जाण्यासारखं.

प्रत्येक हॉटेल तुमची नोंद करून चिठ्ठी देतं. त्या सगळ्या जपा, आणि रात्रीच्या गाडीचं तिकीटही, कारण त्या रात्रीचा मुक्काम त्यानंच सिद्ध होतो. चार्जरला आपली गोल दोन पिनांची प्लग तिथं बसते, मोठी तीन पिनांची बसत नाही.

खिवाहून ताश्कंदला परत यायला रात्रीची गाडी चौदा-पंधरा तासांची, नाहीतर शेजारच्या उर्गेंचहून विमान. रेल्वेनं येणार असाल तर विमानाच्या दिवशीच ताश्कंदला पोचणारी गाडी धरू नका, आदल्या दिवशीची घ्या. उरलेले सोम ताश्कंद शहरातच बदलून टाका, भारतात ते कोणी घेत नाही.